लाल कुंची, हिरवी कुंची

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शुक्रवार पेठेतल्या मामाच्या घरात शिरली. पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारत असतो. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. त्या वर्षी आकडा ५५च्या वर गेला. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे चिखल काढायला जमलो आणि आजीची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. गच्चीवर प्लास्टिकचा कागद पसरून मी एकेक वस्तू वाळत घातली. इरकली लुगडी, जुनी रेशनकार्डं, एकमेकांना चिकटलेले फोटो. तळाशी एका पिशवीत घडी घातलेला स्टॅम्पपेपर. शाई फुटली होती, तरी 'दत्तकपत्र' हा शब्द लागत होता. महिना एप्रिल, साल १९६२. आणि नाव मामाचं.

आजी २०११ला गेली, आजोबा तिच्याही आधी. विचारायला कुणी उरलं नव्हतं. खाली स्वयंपाकघरात आई, दोन मावश्या आणि मामा चहा पीत बसलेले. कागद दाखवावा की परत पिशवीत घालावा, हे मला ठरवता येईना. एवढ्यात मामाच वर आला, माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "सापडला होय? मला वाटलं, आईनं जाळला असंल."

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि रात्री रहस्यकथा वाचते. त्यातली घराण्याची गुपितं कशी असतात ते मला पाठ आहे. गुपित पेटीत बंद असतं, जसंच्या तसं, धूळ खात. कुणीतरी पेटी उघडतं आणि सत्य बाहेर पडतं. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले, आणि आता मला वाटतं की ही पेटीची कल्पनाच मुळात चुकीची आहे.

मामाला कधीपासून माहीत होतं? १९८१पासून. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात त्याला कार्ड मिळालं, गट 'बी'. आजोबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनवेळी आजी-आजोबा दोघांचेही गट तपासले होते. दोघेही 'ओ'. बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला एवढं पुरे होतं. 'ए' आणि 'बी' हे तांबड्या पेशींवरच्या साखरेच्या रेणूंचे प्रकार, आणि ते बनवायची सूचना आई किंवा बाप यांच्यापैकी कुणाकडून तरी यावी लागते. दोघांकडेही ती नसेल तर मूल 'ओ'च होणार. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१मध्ये हे गट वेगळे काढले, तेव्हापासून घरोघरच्या किती कहाण्या त्यांनी उघड्या पाडल्या असतील, देव जाणे.

पण इथे जरा थांबायला हवं, कारण मामाचा निष्कर्ष बरोबर निघाला तरी पुरावा अर्धवट होता. १९५२मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र गट नोंदवला. त्याला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. 'ए' आणि 'बी'च्या साखरा ज्या पायावर चढतात त्या पायाला 'एच' म्हणतात. बॉम्बे गटाच्या माणसाकडे हा पायाच नसतो. त्याच्या जनुकांत 'बी'ची सूचना असली तरी ती चढवायला जागा नाही, म्हणून नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' दिसतो. त्याच्या मुलाला दुसऱ्या पालकाकडून पाया मिळाला की लपलेला 'बी' पुन्हा वर येतो. म्हणजे कार्डावर दोघे 'ओ', मूल 'बी', आणि तरीही कुणी कुणाला फसवलेलं नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असं या गटाचं प्रमाण सांगतात. मोठं नाही, पण रक्तगटाच्या कार्डावरून कुणाच्या आईबापाचा निकाल लावू नये इतपत आहे. शंका असेल तर त्याला डीएनए तपासणीच लागते.

मामाने कुणाला विचारलं नाही. अडतीस वर्षं.

"रोज आठवायचं का?" मी विचारलं.

"रोज न्हाई गं. दाढी करताना."

या एका वाक्यात अलीकडचं एक मोठं संशोधन मावतं. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये लोकांच्या गुपितांचा अभ्यास मांडला. ३८ प्रकारची गुपितं त्यांनी यादीत घेतली होती. सरासरी माणसाजवळ एका वेळी १३ गुपितं निघाली, आणि त्यांतली ५ अशी की जी त्याने कधीच कुणाला सांगितलेली नाहीत. तोवर समज असा होता की गुपिताचा त्रास लपवण्यात आहे, म्हणजे समोरच्याने विचारल्यावर विषय बदलण्यात, जीभ आवरण्यात. प्रत्यक्षात असे प्रसंग थोडेच येतात. माणूस एकटा असताना मन आपणहून गुपिताकडे जातं ते त्याहून जास्त वेळा, आणि माणूस खचतो तोही या फेऱ्यांनी. मामाला अडतीस वर्षांत कुणीही विचारलं नव्हतं, 'तू दत्तक आहेस का?' तोंडाला फेस लावून आरशात बघताना मात्र तो रोज नसला तरी पुष्कळदा स्वतःलाच विचारत होता.

पण गच्चीवरून खाली आल्यावर जे झालं त्याची मला अजिबात कल्पना नव्हती. मामाने कागद ओट्यावर ठेवला. थोरली मावशी म्हणाली, "मला म्हाईत होतं. पण मी कुणाला बोललो न्हाई." (आमच्याकडच्या बायका 'आलो-गेलो' बोलतात, तिऱ्हाईताने दचकू नये.) आई तिच्याकडे बघतच राहिली, कारण आईलाही माहीत होतं. बाळ घरी आलं तेव्हा मावशी नऊ वर्षांची होती, आई सहाची. आजीने दोघींना वेगवेगळं गाठून अंबाबाईची शपथ घातली होती. त्यामुळे दोघींचीही समजूत अशी की हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. सत्तावन्न वर्षं दोघी बहिणी एकाच गोष्टीवर एकमेकींपासून पहारा देत होत्या.

धाकट्या मावशीला तेवढं खरंच माहीत नव्हतं. ती तेव्हा दोन वर्षांची. आजीने तिला शपथ घातली नाही यात शहाणपण होतं, आणि त्यालाही विज्ञानाचा आधार आहे. १९८३मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसरीकडे ठेवते, आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा म्हणतात, जिथे आहे तिथे. आपल्याला जे ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक, असा त्यांचा हिशेब. चौथ्या-पाचव्या वर्षापासून कळू लागतं की दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं. खोटं बोलायला आणि गुपित राखायला हीच समज लागते. म्हणून पोराची पहिली जमलेली थाप ही त्याच्या मेंदूची प्रगतीच असते, आईबापांना ते कितीही लागो.

शपथेचा उपयोग मात्र उलटाच होतो. वैद्याने औषध दिलं आणि सांगितलं की घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये अमेरिकेत माकडाच्या जागी पांढरं अस्वल घेऊन हेच प्रयोगात दाखवलं. अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. विचार येतो का हे बघायला मनाचा एक कोपरा जागा ठेवावा लागतो, आणि तो कोपरा तोच विचार जिवंत ठेवतो.

मग आजीचं काय? आजी आम्हाला मामाच्या जन्माची हकीकत सांगायची. दोन दिवस अडले होते, सुईणीने आशा सोडली होती, वगैरे. इतक्या तपशिलाने सांगायची की मला त्या खोलीतला कंदील दिसायचा. आता कळतं की ते बाळंतपण झालंच नव्हतं. लंडनमध्ये टाली शॅरट यांच्या गटाने २०१६मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून थापा मारायची संधी दिली. बरणीतल्या नाण्यांचा अंदाज जोडीदाराला सांगायचा, वाढवून सांगितला तर स्वतःचा फायदा. पहिल्या थापांना भावनांशी जोडलेला अमिग्डाला नावाचा भाग जोरात प्रतिसाद देत होता. पुढे तो मंदावत गेला आणि थापा मोठ्या होत गेल्या. चिल्लर नाण्यांवरून आजीचं काळीज मोजू नये हे मला कळतं. तिला तीन मुलींनंतर 'वंशाला दिवा' हवा होता की तो तिच्यावर लादला गेला होता, हेही स्कॅनर सांगणार नाही. पण पहिल्या वर्षी तिचा आवाज कापत असणार आणि विसाव्या वर्षी नसणार, एवढं पटतं.

मजा अशी की बैठकीच्या भिंतीवर आजोबांनी शाहू महाराजांचा फोटो लावलेला होता. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. हे इथल्या पोरांना शाळेत शिकवतात. ज्या गावाचा सगळ्यात लाडका राजा उजळ माथ्याने दत्तक आला, त्या गावात आमच्या घराने एक बाळ साठ वर्षं लपवलं.

मामाची जन्मदाती कोण, तेही कागदावर होतं. आजीची सख्खी धाकटी बहीण, आमची निपाणीची आजी. ती आली की आजी मामाला गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध आणायला पिटाळायची, हे सगळ्यांना आठवत होतं. कारण त्या दिवशी जुळलं. आणि मामाचं नाक आजीसारखं कसं, याचा उलगडाही झाला. मावशी आणि भाचा यांच्यात सरासरी २५ टक्के डीएनए सारखा असतो, आई आणि मुलात ५० टक्के. 'आईवर गेलाय' म्हणणारे शेजारी निम्मे बरोबर होते.

या सगळ्यात खरं नुकसान कुठे झालं ते मला वाटलं होतं त्याहून साधं निघालं. डॉक्टर विचारायचे, वडिलांकडून काही? मामा आजोबांचा हृदयविकार सांगायचा. संशय १९८१पासून होता, पण दुसरं काय सांगणार? निपाणीकडच्यांचा मधुमेह कुठल्याच केसपेपरवर आला नाही. मामाला तो पन्नाशीनंतर, डोळ्यांच्या तक्रारीवरून कळला.

आता कुंचीबद्दल. त्या दुपारी तांबड्या-पांढऱ्यावर बसून आम्ही ती १९६२ची रात्र जुळवायला घेतली. आई म्हणाली, मुसळधार पाऊस, टांगा, आणि बाळाच्या डोक्याला लाल कुंची. थोरली मावशी म्हणाली, कडाक्याची थंडी, एसटी, आणि कुंची हिरवी. दोघी ठाम. दत्तकपत्र एप्रिलचं, आणि कागद बहुधा बाळ आल्यावर काही महिन्यांनी झाला असणार, म्हणजे मावशीची थंडी बसते. आईने लगेच तोड काढली, "वळीव असंल." धाकट्या मावशीलाही हळूहळू कुंची आठवू लागली, जी आठवणं जवळपास अशक्य आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी सहसा कुणालाच आठवत नाही. तिची आठवण म्हणजे ट्रंकेतला एक फोटो होता, आणि तो कृष्णधवल.

फोटोची ताकद भलतीच असते. किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये वीस जणांना त्यांच्या लहानपणचे फोटो दाखवले. त्यांत एक बनावट घुसवला होता, मूल गरम हवेच्या फुग्यात बसलेलं. असं कधी घडलंच नव्हतं. तिसऱ्या मुलाखतीपर्यंत त्यांतल्या निम्म्यांना ती सफर थोडीफार आठवू लागली.

असं का होतं याचा एक धागा उंदरांनी दिला. करीम नाडर आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच मेंदूत प्रथिनं बनणं थांबवणारं औषध दिलं. पुढे त्या आवाजाला उंदीर फारसे घाबरेनात. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर भीती कायम राहिली. म्हणजे आठवण बाहेर काढली की ती काही तास ओली होते आणि पुन्हा वाळवून ठेवावी लागते. ओली असताना तिच्यात समोरच्याचं बोलणं, फोटो, नंतर कळलेलं काहीही मिसळू शकतं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा तपशील पक्के करावेत म्हणून मी आईला फोन केला. पावसाचं विचारलं, टांग्याचं विचारलं. ती न अडखळता सांगत गेली, "थंडी होती गं चिक्कार. आणि ती हिरवी कुंची."

मी म्हटलं, "आई, तू लाल म्हणाली होतीस. मामाच्या स्वयंपाकघरात. सगळ्यांसमोर."

"काय तर बोलतीस," ती म्हणाली. "हिरवीच होती. मी कवा लाल म्हटलं?"