ओप्पो, व्हिवो का रेडमी: हे भांडण आपल्याकडे आलं कुठून

सोयाबीनचा चुकारा झाला, कापसाचा पहिला वेचा घरी आला की यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावात मोबाईलच्या दुकानासमोर गाड्या लागतात अन् प्रश्न एकच, "पंधरा हजारात कोणता घेऊ बे?" एक म्हणते रेडमी, दुसरा म्हणते व्हिवो, तिसरा सॅमसंगशिवाय ऐकत नाही. पण मागचे वीसेक वर्षं पाहिले तर आपल्याकडे कंपनी फोनच्या गुणावर कमीच बदलली, बदलली ती विजेची लाईन, नेटवर्क आणि हप्त्यामुळे.

2003 पासून धरा. त्या वर्षी रिलायन्सनं मान्सून हंगामा काढला, 501 रुपये भरा अन् हँडसेट घेऊन जा, पण तो सीडीएमए नावाच्या वेगळ्या नेटवर्क पद्धतीचा, दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालतच नव्हतं, फोन अन् नेटवर्क एकाच दाव्याला बांधलेले. त्याच वर्षी नोकिया 1100 आला, वर टॉर्च, धूळ आत न जाणारा कीपॅड, रात्री थ्री फेज लाईन आली की मोटर चालू करायला वावरात जाणाऱ्या कास्तकाराला अजून काय पाहिजे. जगात 25 कोटी विकला गेला तो, उगाच नाही.

मग लोडशेडिंगचे दिवस आले. लाईन कधी जाईल अन् कधी येईल याचा नेम नाही, अशा वेळी 2008 मध्ये मायक्रोमॅक्सनं एक्स1आय आणला, एकदा चार्ज केला की 30 दिवस स्टँडबाय असं सांगून. वरून दोन सिमवाले फोन, अन् आपल्याकडे गावात एका कंपनीची रेंज तर वावरात दुसरीची, त्यामुळे ते असे काही खपले की विचारू नका. नोकिया यात मागे राहिला. मोठ्या आवाजाचे चायना मोबाईल पण होतेच, लग्नात गाणे वाजवायला, पण त्यातल्या बऱ्याच फोनना आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनची वेगळी ओळख सांगणारा आकडा, तोच नव्हता अन् सरकारनं 2009 च्या शेवटी असे फोन बंद पाडले. मग कार्बन, लावा, इंटेक्स यांचं फावलं.

2014 मध्ये सगळी उलथापालथ झाली. नोकियाचा मोबाईलचा धंदा एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, नोव्हेंबरात श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद. मोटो जी अन् शाओमीचा एमआय 3 फ्लिपकार्टवर आले, पण ऑनलाईनचा माल आपल्याकडे येते कुठं, पिनकोड टाकला की डिलिव्हरी नाही, मग पोट्टे नागपूर-अमरावतीला शिकणाऱ्या भावाच्या रूमचा पत्ता टाकायचे. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत बाजाराचा हिशोब ठेवणाऱ्या कॅनालिस कंपनीच्या आकड्यात मायक्रोमॅक्स सॅमसंगच्याही पुढं होता.

अन् दोनच वर्षात तो आपटला. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, फुकट, पण फक्त 4जी, त्यात कॉलसुद्धा डेटावरून. गावाला त्या दिवसापासून 4जी फोनच पाहिजे होता अन् आपल्या देशी कंपन्यांकडे 3जीचा माल पडून. वरून ऐन कापसाच्या हंगामात 8 नोव्हेंबरला नोटबंदी, नगद व्यवहारच थंडावला. ती जागा चिनी कंपन्यांनी घेतली, 2017 संपता संपता शाओमी सॅमसंगच्या बरोबरीला येऊन पुढं निघाला.

ओप्पो-व्हिवोची गोष्ट वेगळी, ते ऑनलाईनच्या मागे लागलेच नाही, सरळ दुकानदाराकडे गेले. हिरव्या-निळ्या पाट्या फुकटात लावून दिल्या, दुकानदाराला मार्जिन चांगलं दिलं, 2016 पासून आयपीएलवर व्हिवोचं नाव, 2017 मध्ये टीम इंडियाच्या जर्सीवर ओप्पोचं. मजा अशी की दोघांचं मूळ एकच, बीबीके नावाची चिनी कंपनी. वनप्लस ओप्पोतूनच निघालेल्या माणसानं काढली, रिअलमी 2018 मध्ये ओप्पोतूनच फुटली. रेडमी अन् पोको दोन्ही शाओमीचेच. पानठेल्यावर याच्यावरून बोलणं बंद केलेले दोस्त मी पाहिले आहेत.

2020 मध्ये गलवानला चीनसोबत झालेल्या झटापटीनंतर 29 जूनला 59 चिनी ॲप बंद झाले, टिकटॉक गेलं, पोट्टे हळहळले, पण फोन चिनीच घेत राहिले. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला होता, वरून शाळा मोबाईलवर, म्हणजे घरात एक फोन वाढवणं आलंच. अन् 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी, सातबाऱ्यावर पीक चढवायचं तर वावरात उभं राहून ॲपमधून फोटो काढा, त्यामुळे कीपॅडवर खुश असलेल्या म्हाताऱ्यालाही टचवाला घ्यावा लागला.

आता कंपनी ठरवते ती दुकानात खुर्ची टाकून बसलेला फायनान्सवाला. ज्या मॉडेलवर झिरो डाउन पेमेंट तोच फोन चांगला, कॅमेऱ्याचं नंतर पाहू. त्याच्या खालोखाल रिपेअरिंगवाला, कारण जो फोन जास्त खपते त्याचंच फोल्डर, म्हणजे टचसकट डिस्प्ले, तालुक्यात भेटते, बाकीच्याचं नागपूरहून येईपर्यंत थांबा, अन् म्हणून तोच फोन अजून खपते. काउंटरवरच्या पोट्ट्याला कोणता घेऊ विचारण्याआधी त्या रिपेअरिंगवाल्याच्या टेबलावर कोणत्या कंपनीचे किती फोन उघडे पडले आहेत अन् त्यातले किती संध्याकाळपर्यंत परत जातात, ते जरा पाहून घ्या.