फडाचं शहाणपण

धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात आणि चाऱ्यांतून पाणी फडात, म्हणजे शिवाराच्या एकेका भागात, उतरतं. कित्येक पिढ्या चालत आलेल्या या फड पद्धतीकडे सिंचनाचा नमुना म्हणून पाहिलं जातं. मला तिच्यात माणसांनी मिळून विचार कसा करावा याचीही रीत दिसते.

बंधाऱ्याखालच्या शिवाराचे साधारण चार फड पाडलेले. एका फडात एकच पीक, पुढच्या वर्षी त्याची अदलाबदल. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. त्यामुळे पावसाने ओढ दिली आणि एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर झळ सगळ्यांनाच बसते. बैठकीत कुणाला फक्त आपल्या वावरापुरतं बोलून भागत नाही.

पाणी शेतकरी स्वतः सोडत नाही, ते काम पाटकऱ्याचं. त्याच्यावर देखरेख हवालदाराची, पिकाची राखण जागल्याकडे. कुठलं वावर किती वेळात भिजतं हे पाटकऱ्याला ठाऊक असतं. ते पाटकऱ्याला विचारायचं, एवढं बाकीच्यांना माहीत असलं की काम भागतं.

‘कोणाला काय माहीत आहे’ याच्या या सामाईक जाणिवेवर मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८०च्या दशकात सिद्धांत मांडला. पुढे अमेरिकेत लियांग, मोरलँड आणि आर्गोटी यांनी रेडिओ जोडण्याचा प्रयोग केला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना तिघातिघांच्या गटात शिकवलं, काहींना एकेकट्याने शिकवून नंतर गटात बसवलं. आठवड्याने सगळ्यांनी गटाने रेडिओ जोडले. एकत्र शिकलेल्यांना जास्त आठवलं, चुकाही कमी झाल्या. पुढच्या प्रयोगात एकत्र शिकलेल्या माणसांचीच गटांत सरमिसळ केली, तेव्हा हा फायदा उरला नाही. शिक्षण तेच होतं, पण कोण कशात तरबेज, हेच त्यांना एकमेकांबद्दल ठाऊक नव्हतं.

आपल्या कचेऱ्यांत बदलीच्या वेळी फायलींची यादी सही घेऊन सोपवली जाते. कुठल्या अडचणीत कुणाला फोन करायचा, हे त्या यादीत कुठेच नसतं. ते शिकायला जुन्या आणि नव्या माणसाने काही दिवस तरी एकाच टेबलावर काम करायला हवं. तेवढे दिवस पदरमोड करूनही द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.