जुनी परफॉर्मन्स कार: स्वतःच्या पैशाने घ्यायची की कर्ज काढून? पात्रता, कागदपत्रं आणि आरटीओची प्रक्रिया

स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ भारतात २०२० मध्ये आली, तीही फक्त २०० गाड्यांपुरती. नवी असताना शोरूममध्ये ३६ लाखांच्या आसपास होती. आज अशी एखादी गाडी विकायला निघाली की दोन दिवसांत चार गिऱ्हाइकं उभी राहतात, आणि विकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘लोन आहे की रोख?’ उत्तर ‘रोख’ असेल तर भावात थोडंफार कमी होतं आणि ‘लोन’ म्हटलं की चेहरा पडतो. पण तुमचं उत्तर त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवू नका. आधी गाडी कर्जाला पात्र आहे का ते बघा, मग तुम्ही पात्र आहात का ते बघा आणि शेवटी हिशेब मांडा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

कर्जाला गाडी पात्र आहे का?

जुन्या गाडीचं कर्ज देताना बँका आणि वित्तसंस्था सहसा अशी अट घालतात की शेवटचा हप्ता भरताना गाडीचं वय ८ ते १० वर्षांपेक्षा जास्त नसावं. म्हणजे ६ वर्षांच्या गाडीला जेमतेम २ ते ४ वर्षांची मुदत मिळते. २०१६ मध्ये आलेली तीन दारांची पोलो जीटीआय कितीही जपलेली असली, तरी तिच्यासाठी वाहनकर्ज मिळवणं अवघडच. तिची नोंदणी १५ वर्षं वैध आहे हे खरं, पण नोंदणीची मुदत वेगळी आणि कर्जाची वेगळी.

दुसरी अडचण मूल्यांकनाची. कर्जाची रक्कम ठरते ती बँकेच्या मूल्यांककाने काढलेल्या किमतीवर, तुमच्या सौद्याच्या किमतीवर नाही. ज्या गाडीच्या खरेदी-विक्रीचे व्यवहारच मोजके, तिची किंमत काढताना मूल्यांकक हात आखडता घेतो. समजा सौदा २५ लाखांना ठरला, मूल्यांकन २१ लाखांचं आलं आणि बँक त्याच्या ७५ टक्के देणार असेल, तर हातात पडतात १५ लाख ७५ हजार. वरचे सव्वानऊ लाख तुमचे. त्यामुळे टोकन देण्याआधी मूल्यांकन करून घ्या. टोकनच्या पावतीवर ‘कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत’ हे वाक्यही लिहून घ्या, तोंडी आश्वासनाला काही अर्थ नसतो.

तिसरी गोष्ट फेरफारांची. या गाड्यांना आधीच्या मालकाने हात लावलेला नसणं दुर्मीळ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट मूल्यांककाला दिसतो, पण रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) दिसत नाही. स्कोडासह फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत कंपनीच्या यंत्रणेने रीमॅप पकडलं की त्या गाडीच्या नोंदीला ‘टीडी१’ ही खूण लागते आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचे दावे अडतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन ही खूण आहे का, ते विचारता येतं. बँकेने गाडी तपासली म्हणजे गाडी चांगली, असा समज करून घेऊ नका. बँकेचा माणूस कागद, चेसिस नंबर आणि बाजारभाव बघतो, टर्बो आणि गिअरबॉक्स तुम्हालाच तपासून घ्यावे लागतात.

अर्जदार म्हणून तुम्ही

वय किमान २१, कर्ज संपताना साधारण ६० ते ६५ च्या आत. सिबिल स्कोअर ७५० च्या पुढे असेल तर बरा दर मिळतो. जुन्या गाडीचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा हमखास जास्त असतो. कागद नेहमीचेच: पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. नोकरदारांसाठी तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६, व्यावसायिकांसाठी दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. गाडीच्या बाजूने आरसी, चालू विमा पॉलिसी, पीयूसी आणि मूल्यांकन अहवाल.

सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी ते बंधनकारक केलं आहे. त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे धरून वार्षिक खर्चाचा खरा टक्का लिहिलेला असतो. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, हेही तिथेच वाचा. व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या कर्जावर असा दंड लावता येत नाही, पण जुन्या गाडीची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात, त्यामुळे ती सवलत तुमच्या कामाची नसण्याचीच शक्यता जास्त.

‘एफडी मोडू नका, लोन घ्या’

हा सल्ला प्रत्येक एजंट देतो, म्हणून जरा आकड्यांत बघू. १५ लाखांचं कर्ज, १३ टक्के दर, ४ वर्षं. हप्ता येतो साधारण ४०,२४० रुपये आणि एकूण व्याज जातं ४ लाख ३२ हजारांच्या आसपास. एजंट म्हणतो, तुमचे १५ लाख ७ टक्क्यांनी एफडीत राहिले तर चार वर्षांत १९ लाख ८० हजार होतील. म्हणजे व्याज मिळालं ४ लाख ८० हजार, गेलं ४ लाख ३२ हजार, वर गाडी दारात. ऐकायला झकास.

यात लपलेलं असं की हप्त्याचे ४०,२४० रुपये दर महिन्याला तुमच्या पगारातून जातच आहेत. तुम्ही एफडी मोडून गाडी घेतली असती आणि तीच रक्कम दरमहा त्याच ७ टक्क्यांनी साठवली असती, तर चार वर्षांनी २२ लाखांच्या पुढे जमा झाली असती. १९ लाख ८० हजार आणि २२ लाख, यातला फरक हा तुमचा तोटा. शिवाय एफडीच्या व्याजावर कर लागतो, आणि गाडीच्या कर्जाच्या व्याजावर पगारदाराला सूट काहीच नाही. व्यावसायिकाचं वेगळं. गाडी धंद्यासाठी वापरत असेल तर व्याज आणि १५ टक्के घसारा, दोन्ही तो खर्चात दाखवू शकतो. तिथे कर्जाचा विचार जरूर करावा, सीएला विचारून.

तरीही सगळी पुंजी गाडीत ओतणाऱ्याला मी थांबवेन. मोठे ब्रेक, रुंद टायर, टर्बो, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, यातला एक जरी बिघडला तरी खर्च साध्या गाडीच्या कितीतरी पट येतो. पैसे देऊन झाल्यावर दुरुस्तीसाठी वेगळे दोन-तीन लाख उरत नसतील, तर एकतर गाडी स्वस्तातली बघा किंवा तेवढंच छोटं कर्ज घ्या. एफडी असेल तर तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट काढणं मला सर्वांत सोयीचं वाटतं. व्याज सहसा ठेवीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त असतं, गाडीच्या वयाची अट नसते, मूल्यांकन नसतं आणि आरसीवर बँकेचं नाव चढत नाही. विकणाऱ्याच्या लेखी तुम्ही रोखीचेच गिऱ्हाईक राहता.

पूर्ण रक्कम स्वतः देताना

नोटांची बॅग घेऊन जाऊ नका. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने (जुन्या कायद्यातलं कलम २६९एसटी) एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून अधिक रोकड स्वीकारायला बंदी आहे. दीड-दीड लाख करून आठ दिवसांत द्यायची युक्ती चालत नाही, कारण व्यवहार एकच धरला जातो. दंड घेणाऱ्याला होतो, घेतलेल्या रकमेएवढा. पण देणाऱ्याचंही नुकसान आहेच: ‘५ लाख कागदावर नको, हातात द्या’ म्हणणाऱ्याला पैसे दिले आणि पुढे तंटा झाला, तर त्या ५ लाखांचा पुरावा नाही. व्यावसायिकाने गाडीपोटी एका दिवसात १०,००० च्या वर रोकड दिली, तर तेवढ्या रकमेवर घसाराही मिळत नाही. आरटीजीएस करा आणि ते आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यावर करा. भावाच्या नाही, ‘पार्टनर’च्या नाही.

डीलरकडून १० लाखांच्या वरची गाडी घेतलीत तर तो १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात जमा धरता येतो. जीएसटी हा नोंदणीकृत डीलरच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के असतो, पूर्ण किमतीवर नाही. मालकाकडून थेट घेतली तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

विकणाऱ्याचंच कर्ज बाकी असेल तर

महागड्या गाड्यांत हे फार दिसतं. आरसीवर बँकेचं नाव आहे का, हे परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. असा बोजा (कर्जापोटी बँकेची नोंद) असेल तर बँकेकडून कर्जखातं बंद करण्याच्या रकमेचं पत्र मागवा आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यावरच भरा. उरलेले पैसे बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत थांबवा. मधल्या काळासाठी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार करा: कुठली रक्कम कधी, गाडीचा ताबा कधी, ताब्याची तारीख आणि वेळ, त्याआधीचे दंड कोणाचे.

आरटीओचं काम

अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, दोन प्रतींत. फॉर्म ३० हस्तांतरणाचा. जुना बोजा उतरवायला फॉर्म ३५, तुमचं कर्ज असेल तर नवा चढवायला फॉर्म ३४, त्यावर तुमची आणि बँकेची सही. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे पॅन आणि तुमचा पत्त्याचा पुरावा. चेसिस नंबरचा ठसाही लागतो: चेसिसवर कोरलेल्या आकड्यांवर पेन्सिल घासायची, वर सेलोटेप दाबायची, ती अलगद उचलून फॉर्मवर चिकटवायची. आकडा धूसर आला तर अर्ज परत येतो, म्हणून दोन-तीन ठसे काढून ठेवा.

विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. साध्या खासगी कारसाठी हस्तांतरणाचं शुल्क ३०० रुपये आणि बोजा नोंदवायचं १,५०० रुपये, स्मार्ट कार्ड आणि टपाल वेगळं. आयात गाडीला जास्त. थकीत ई-चलनं आधी भरून टाका, वेगवान गाडीवर ती निघतातच. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर तिला उच्च सुरक्षा नंबर प्लेट आहे ना, तेही बघा. डीलर मध्ये असेल तर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९सी ची सूचना आरटीओला गेली आहे का, ते विचारा.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तर हुरळू नका. तिथल्या आरटीओचं फॉर्म २८ वरचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, आणि महाराष्ट्रात पुन्हा एकरकमी कर भरावा लागेल. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तो मूळ किमतीच्या १३ टक्के, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत जाणारा. मूळ राज्यातला परतावा मिळवायला वेगळा खेटा.

विमा

खरेदीनंतर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्या. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) विकणाऱ्याचा, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून उरलेल्या काळासाठी फरकाची रक्कम भरावी लागते. कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि गाडी पूर्ण निकामी झाली तर दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. तेव्हा गाडीची विमा किंमत कर्जाच्या बाकीपेक्षा कमी असेल, तर उरलेले हप्ते नसलेल्या गाडीचे भरावे लागतात. दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, आणि विम्याचा हप्ता कमी दिसावा म्हणून एजंटने विमा किंमत खाली ओढली असेल तर ती वाढवून घ्या.