इंजिन बदललेली व्हॅन विकली जात नाही?

‘मूळ इंजिन गेलं की व्हॅन भंगारात’ असं अमेरिकेत जुन्या फोक्सवॅगन व्हॅनगनबद्दल वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. साफ चूक. १९८६ पासूनचं २.१ लिटर इंजिन जेमतेम ९०-९५ अश्वशक्तीचं, त्यात हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातल्या सीलची) रड. सुबारू या जपानी कंपनीचं २.२ लिटर इंजिन बसवलं की १३० च्या आसपास ताकद मिळते, चढावर गाडी धापा टाकत नाही. जाणकार गिऱ्हाईक अशीच व्हॅन शोधतं.

घोडं अडतं कागदांवर. कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं लागतं, प्रदूषण रोखणारी त्याची सगळी यंत्रणा जागेवर लागते. रेफरी, म्हणजे राज्याच्या प्रदूषण तपासणी व्यवस्थेतला तपासनीस, गाडी तपासून दाराच्या खांबावर लेबल चिकटवतो. स्मॉग सर्टिफिकेट, म्हणजे धुराची चाचणी पास झाल्याचा दाखला, देणं विकणाऱ्याचीच जबाबदारी. इंजिन कुठल्या गाडीचं, कुठल्या वर्षाचं, हे जाहिरातीतच लिहा. पुढे सुटे भाग त्यावरूनच मागवावे लागतात.