थाई खायला आलात? ऑर्डर द्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. आमच्या स्टॉलवर लोक आधी बोर्ड वाचतात, मग कढईत डोकावतात आणि मग विचारतात, "हाई काय शे भो?" गर्दीत प्रत्येकाला नीट सांगणं होत नाही म्हणून हा कागद छापलाय. पहिलंच सांगतो, लाल सॉसमधल्या शेजवान नूडल्स आमच्याकडे नाहीत, बाजारात दुसरीकडे मिळतात आणि मस्त मिळतात, फक्त त्यांना थाई म्हणू नका.

पहिल्यांदा येताय तर सोम तम घ्या. कच्च्या पपईचा कीस, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, भाजलेले शेंगदाणे, लिंबू, गूळ, लसूण आणि हिरवी मिरची, सगळं तुमच्यासमोर मातीच्या उखळीत लाकडी मुसळाने कुटून देतो. आपल्या ठेच्यासारखंच काम, पण हात हलका ठेवायचा, पपई चेचायची नाही, नुसती दबली पाहिजे म्हणजे रस आत जातो आणि करकरीतपणा राहतो. मिरची-लसूण आधी कुटायचं, पपई सगळ्यात शेवटी. हा पदार्थ थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागात घरोघरी होतो, तिकडे त्यात आंबवलेल्या माशाचं दाट पाणी घालतात, त्याचा वास आपल्याला झेपायचा नाही म्हणून आम्ही बँकॉककडची शेंगदाण्याची पद्धत करतो. त्यातही सुकट असते, ती सांगितली तरच टाकतो.

मिरची किती ते आधी बोला. खान्देशी माणूस "फुल तिखट टाका" म्हणतो, टाकतो आम्ही, नंदुरबारची मिरची आहे, पण मग आंबट-गोड काहीच लागत नाही आणि इथे मजा त्याचीच आहे, आंबट, गोड, खारट, तिखट एका घासात. तसं बघितलं तर मिरची ना त्यांची ना आपली, दोघांकडे अमेरिका खंडातूनच आली.

पॅड थाई म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स, चिंचेचा कोळ, गूळ, अंडं किंवा टोफू (सोयाबीनचं पनीर), वरून शेंगदाण्याचं कूट. थायलंडमध्ये हा काही फार जुना पदार्थ नाही, नूडल्स चिनी लोकांनी नेल्या आणि फिबुनसोंग्राम पंतप्रधान असताना, म्हणजे 1938 ते 1944 च्या काळात, सरकारने तांदळाच्या नूडल्स खायला लोकांना जोर लावला. देशाचं जुनं नाव सयाम, त्याचं थायलंड पण त्यांच्याच काळात झालं, 1939 ला. टेबलावर चार बरण्या आहेत, साखर, लाल तिखट, मिरचीचं व्हिनेगर आणि मिरच्या घातलेला फिश सॉस (खारवलेल्या माशाचं पातळ पाणी), तिकडेही अशाच असतात. शेवटची चव तुम्ही तुमच्या हाताने लावायची, आम्हाला अजिबात राग येत नाही.

ग्रीन करीला आम्ही आधी नारळाचं घट्ट दूध तापवतो, तेल सुटलं की त्यात वाटण परततो. गवती चहा इथलाच, कुलंजन आणि थाई लिंबाची पानं बाहेरून मागवतो, त्या पानांना दुसरा पर्याय नाही, आपल्या लिंबाची पानं घालून तो वास येत नाही. करीत पडतं ते थाई बेसिल, सब्जाच्याच जातीचं झाड. बोर्डावर तुळस घालून परतलेलं चिकन दिसणार नाही, थायलंडमध्ये ते रोजचं जेवण आहे पण ती पाना-फुलांसकट आपल्या अंगणातलीच तुळस, त्यामुळे ते इथे करायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

आता शाकाहारी मंडळींसाठी, हे नीट वाचा. अस्सल थाई जेवणात मिठाऐवजी फिश सॉस असतो, करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते. नुसतं चिकन काढलं म्हणजे ते व्हेज होत नाही, कुठेही थाई खाल्लं तरी हे विचारत जा. आमच्याकडे व्हेजची उखळ, कढई, वाटण सगळं वेगळं, फिश सॉसऐवजी सोया सॉस आणि मीठ. चव थोडी उतरते, खोटं कशाला बोलू. जैन लोकांना सोम तम बिनलसणाचा करून देतो, करी देता येत नाही कारण वाटणातच कांदा-लसूण असतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, एकाच ओट्यावर सगळं काम चालतं.

गोडात नारळाच्या दुधात शिजवलेली केळी, चिमूटभर मीठ घालून. जळगावात राहून केळीला मीठ कशाला म्हणाल, एकदा खाऊन बघा.

पार्सल फक्त करी-भाताचं मिळेल. सोम तमला घरी जाईपर्यंत पाणी सुटतं आणि नूडल्सचा गोळा होतो, म्हणून ते दोन्ही इथेच उभं राहून खायचं. पपई संपली की त्या दिवशीचा सोम तम बंद, शनिवार-रविवारी जरा लवकरच या.