प्रतिबल आणि विकृती : दोन संज्ञा वेगळ्या कशा झाल्या

पदार्थांच्या बळकटीचा अभ्यास सुरू होतो तो स्ट्रेस आणि स्ट्रेन, म्हणजेच प्रतिबल आणि विकृती, या जोडीपासून. नवशिक्याची पहिली गल्लतही येथेच होते, कारण रोजच्या बोलण्यात दोन्हींसाठी आपण ‘ताण’ हा एकच शब्द वापरतो. बाहेरून भार आला की पदार्थाच्या आत त्याला तोंड देणारे बल निर्माण होते. ते दर एकक क्षेत्रफळावर किती, हे प्रतिबल सांगते. लांबीत पडलेला फरक मूळ लांबीच्या किती पट आहे, हे विकृती सांगते. ही विभागणी होण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला.

गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात सळई ओढून तोडण्याचा प्रश्न मांडला आणि तिची ताकद लांबीवर नव्हे, तर छेदाच्या (आडव्या कापाच्या) क्षेत्रफळावर अवलंबून असते, हे ओळखले. भिंतीत रोवलेल्या तुळईचे त्याचे गणित मात्र चुकले. संपूर्ण छेदावर सारखीच ओढ असते असे त्याने धरले होते; प्रत्यक्षात वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. लवचिक तुळईच्या आजच्या हिशेबाशी तुलना केली, तर त्याचे उत्तर तिप्पट येते.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकचे लक्ष स्प्रिंगवर होते. घड्याळात स्प्रिंग वापरण्याच्या कल्पनेचे श्रेय हातचे जाऊ नये, म्हणून त्याने १६७६ मध्ये आपला नियम चौदा अक्षरांच्या कोड्यात, अक्षरे वर्णानुक्रमे लावून, छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल दिली : ‘जसा ताण (म्हणजे लांबीतील वाढ), तसे बल’. या गुप्ततेचे आज हसू येते, परंतु नियम टिकला. तरीही तो त्या त्या स्प्रिंगचा किंवा तारेचा नियम होता. त्याच धातूची तार दुप्पट जाड घेतली, तर आकडे बदलत. पदार्थाचा स्वतःचा गुण वस्तूच्या आकारापासून वेगळा काढायचा, तर भाराला क्षेत्रफळाने आणि वाढीला मूळ लांबीने भागणे भाग होते.

त्या दिशेने इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०७ मध्ये लवचिकतेचा गुणांक मांडला, पण त्याची व्याख्या इतकी क्लिष्ट होती की आजच्या वाचकाला ती ओळखूही येणार नाही. गुणांकाला सध्याचे सुटसुटीत रूप, म्हणजे प्रतिबलाला विकृतीने भागून येणारा आकडा, फ्रेंच अभियंता नाविए याने १८२६ मध्ये दिले. पोलादासाठी हा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, म्हणजे २०० अब्ज पास्कल आहे (पास्कल हे प्रतिबलाचे एकक). एक मीटर लांब आणि एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या पोलादी सळईला १,००० किलो वजन टांगले, तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. डोळ्यांना ही वाढ सहसा जाणवत नाही. पोलाद ‘ताठ’ असते, या समजुतीचे मूळ बहुधा यातच असावे.

प्रतिबलाची आजची कल्पना १८२२ मध्ये फ्रेंच गणिती कोशीने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. पदार्थाच्या आत कोणत्याही दिशेने एक काल्पनिक छेद घ्यावा आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींवर किती बल लावतात ते विचारावे, ही त्याची युक्ती होती. त्यामुळे हे बल छेदाला लंबच असले पाहिजे, हे बंधनही गळून पडले. आज ज्याला कर्तन प्रतिबल म्हणतात, ते छेदाला समांतर लागणारे प्रतिबलही याच चौकटीत बसले.

कल्पना स्पष्ट झाली तरी इंग्रजीतील शब्द मात्र मोकळेपणाने एकमेकांच्या जागी वापरले जात होते. ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या विल्यम रँकिनने १८५० च्या दशकात ‘स्ट्रेन’ हा शब्द आकारातील बदलासाठी आणि ‘स्ट्रेस’ हा त्याच्याशी निगडित बलासाठी राखून ठेवला. विकृती म्हणजे लांबीला लांबीने भागून आलेली संख्या, त्यामुळे तिला एककच नाही. प्रतिबलाच्या एककाला १९७१ मध्ये पास्कल हे नाव मिळाले. मात्र एका चौरस मीटरवर एक न्यूटन हे माप इतके लहान आहे की वरच्या सळईतील प्रतिबलसुद्धा सुमारे ९ कोटी ८० लाख पास्कल भरते, आणि म्हणून अभियंते ते ९८ मेगापास्कल असे लिहितात.