नाणी घासली की भाव वाढतो?

ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला असा: टाकसाळीने संग्राहकांसाठी विकलेल्या सीलबंद संचातली नाणी काळवंडली, तर पाकीट फाडा, चिंच-लिंबाने घासा, भाव वाढतो. देवघरातली तांब्याची भांडी चिंचेने लख्ख होतात, त्यामुळे हे पटणं साहजिकच आहे.

पण भांड्याला चकाकी हवी असते, संग्राहकाला मूळ पृष्ठभाग. प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास बनवलेलं आरशासारखं नाणं, चकचकीत केलेल्या छापांनी, एकाहून जास्त ठोके देऊन पाडतात. त्याची आरशासारखी चकाकी त्या छापांतून आणि ठोक्यांतून येते. आम्ल त्यातला धातूच खातं आणि घासण्याने केसासारखे ओरखडे पडतात. पडताळायचं असेल तर खिशातलं एखादं चालू नाणं चिंचेने घासा, मग दिव्याखाली तिरकं धरून भिंगातून बघा. संचातल्या नाण्यावर हा प्रयोग नको. १०० रुपयांच्या अनेक स्मारक नाण्यांत ५० टक्के चांदी आणि ४० टक्के तांबं असतं. ती हवेने काळवंडणारच, त्यात बिघाड काही नाही.

संच शाबूत असेल तर सील तसंच राहू द्या. उघडावंच लागतं ते पीव्हीसी या प्लास्टिकच्या मऊ पाकिटात हिरवट चिकटा दिसला तर. तेव्हा टेबलावर मऊ कापड पसरा, कात्री नाण्यापासून लांब चालवा आणि नाणं फक्त कडेने धरा; बोटाचा ठसा कायमचा उमटू शकतो. मूळ वेष्टन आणि प्रमाणपत्र जपून ठेवा. नाणी कडक, पीव्हीसीविरहित कॅप्सूलमध्ये घाला. खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात डब्यात सिलिका जेलची पुडीही हवीच.